पॅराशूट बांधणारा लालासाब

उचगावच्या तिट्ट्यावर आमची दोन दुकानं शेजारीशेजारी होती. माझं सायकल दुरुस्तीचं आणि लालासाब नदाफांचं शिलाईचं. मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्यापलीकडून मी वर्षानुवर्षं एकच बोलणं ऐकत आलो. गिऱ्हाईक विचारायचं, "झाली का विजार?" आणि लालासाब म्हणायचे, "झालीच हुती. पर तुमी मधीच बोललासा. आता पयल्यापासनं बगाय लागतंय."

आणि खरंच पहिल्यापासून बघायचे. प्रत्येक गुंडी दोन बोटांत धरून तीनदा ओढायची. शिवणीवरून नख फिरवायचं. खिशात हात घालून तळ चाचपायचा. एवढं झालं की विजारीच्या आतल्या अंगाला, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, निळ्या दोऱ्याचा एक टाका घालायचे. मी एकदा विचारलं, "हे काय?"

"माजी सही."

"विजारीवर सही? कोण बगतंय ती?"

"कुणी न बगू दे. मला ठावं हाय न्हवं, मी कशावर केलीया ते."

ठेंगणा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोटं मात्र बाईमाणसासारखी निमुळती. गावानं त्यांची चेष्टा करायची काही बाकी ठेवली नव्हती. नागपंचमीला पोरींनी चिंचेला झोका बांधला की लालासाब मशीन थांबवून निघायचे आणि त्या दोराला आधी स्वतः लोंबकळून बघायचे. पन्नाशीकडं झुकलेला दाढीवाला माणूस झोक्यावर पाय वर घेऊन लटकलेला, आणि भोवती बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, हे दृश्य दर वर्षीचं. जत्रेत उंच पाळणा यायचा. तो पाळणेवाला तर त्यांना लांबून येताना बघूनच पाना हातात घ्यायचा.

त्यांच्या बायकोला, फातिमाभाभींना, या सगळ्याची सवय होती. त्या सांगायच्या, "लगीन होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी माज्या बांगड्या एकेक करून हाताळल्या. मला वाटलं, सोनं बगत्यात. तर म्हंत्यात कसं, एकादी तडकली असली तर हाताला लागंल."

लालासाब सैन्याच्या चाकरीत होते, एवढंच मला माहीत होतं. पेन्शन घेऊन आले, शिलाई मशीन घेतलं. सैन्यात काय करत होते, हे विचारलं तर म्हणायचे, "घड्या घालत हुतो." मला वाटायचं, धोबीखान्यात असतील.

खरी हकिगत कळली ती शहात्तर सालच्या उन्हाळ्यात. गगनबावड्याच्या एस.टी.तून एक उंच माणूस उतरला. खांद्यावर भलामोठा फणस, हातात काठी, डावा पाय जरा ओढत चालणारा. माझ्या दुकानापुढं उभा राहून गरजला, "पावणं, माजा पाय मोडलेला माणूस हितंच बसतोय न्हवं?"

मी घाबरून उठलो. म्हटलं, आता हाणामारी होतीय. तेवढ्यात पत्र्यापलीकडून लालासाब धावत आले आणि दोघं एकमेकांच्या गळ्यातच पडले. फणस मधे चेंगरला.

तो माणूस आकाराम. पॅराशूटवाल्या पलटणीतला निवृत्त हवालदार. त्या दिवशी दुपारभर माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून, फणसाचे गरे खात, दोघांनी मिळून सांगितलं ते असं.

लालासाबांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. पोरगं सत्तावन्न साली हवाई दलात भरती झालं. तिथं बराकीतली अंथरुणं तपासायला एक अधिकारी आला, तर सगळ्यांच्या वळकट्या वेड्यावाकड्या आणि या एकाची वळकटी ओळंब्यात धरल्यासारखी. अधिकाऱ्यानं ती लाथेनं उधळली आणि म्हणाला, परत घाल. लालासाबांनी परत तशीच्या तशी घातली. महिन्याभरात त्यांना पॅराशूट बांधायच्या खात्यात धाडलं. उत्तरेकडचा कुठला तरी तळ. नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिथं लांबच लांब गुळगुळीत टेबलं. त्यावर ती रेशमासारखी छत्री ताणायची, अठ्ठावीस दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, पाकळीवर पाकळी ठेवत घडी घालायची, हवा दाबून काढायची आणि एवढं मोठं धूड एका पिशवीत कोंबायचं. कोंबायचं म्हणजे असं, की उडी मारल्यावर ज्या क्रमानं बाहेर यायला हवं त्याच क्रमानं आलं पाहिजे. शेवटी कार्डावर बांधणाऱ्यानं सही करायची. आणि त्या तळावर एक रीत होती. उडी मारणाऱ्याला शंका आली तर तो बांधणाऱ्याला म्हणू शकत होता, हे तूच घाल आणि मार उडी. म्हणून बांधणाऱ्यांनाही उडीचं शिक्षण दिलेलं असायचं.

आकाराम म्हणाला, "मी गेलो पॅराशूट घ्यायला. बगतोय तर टेबलामागं हे येवढंसं बेणं. इचारलं, गाव कंचं? तर म्हणालं, उचगाव, कोल्लापूर. म्हटलं, आरं तिच्या, आपल्याच गावाकडचं! मग तर मला जास्तच भ्या वाटाय लागलं."

"का?" मी विचारलं.

"आपली मानसं कशी काम करत्यात ते मला ठावं न्हाई व्हय? म्हटलं, लालासाब, हे तूच घाल."

लालासाब तोवर शिक्षणातल्या उड्या कशाबशा मारून बसलेले. उंचीचं त्यांना मनापासून भय. पण सही केली होती. पाठीवर पॅराशूट चढवलं आणि आकारामाच्या मागोमाग विमानात बसले. दारापाशी गेल्यावर डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं आणि पाऊल टाकलं.

"मग?"

लालासाब चष्मा पुसत म्हणाले, "मग काय? समदी मानसं खाली बगत्यात. मी वर बगत हुतो. माजी घडी कशी उलगडती ते बगायचं हुतं. एक एक पाकळी अशी सुटली म्हंतासा! खाली जमीन हाय ह्येच इसरलो. बुडावर आपटलो."

त्या दिवसापासून आकाराम लालासाबांनी बांधलेल्या पॅराशूटशिवाय उडी मारीना. सुटीत दोघं एकत्र गावाकडं यायचे. एक उचगावला उतरायचा, दुसरा पुढं घाटमाथ्याला जायचा.

सदुसष्ट सालच्या मार्चची गोष्ट. लालासाब आकारामाचंच पॅराशूट बांधत होते. घडी घालताना छत्रीचा घेर पसरू नये म्हणून एक लाल फीत तात्पुरती बांधत असत. पिशवीचं तोंड बंद करायच्या आधी ती सोडायची, असा नेम. काम अर्ध्यावर आलं असताना तार आली, की उचगावात मुलगी झाली. लग्नाला आठ वर्षं होऊन झालेलं पहिलं मूल. टेबलावरच्या सगळ्यांनी लालासाबांना उचलून घेतलं, कुणी चहा आणला, कुणी गूळ तोंडात कोंबला. अर्ध्या तासानं ते टेबलाशी परत आले, पिशवी बंद केली, कार्डावर सही केली.

"मी हसत हुतो सही करताना," लालासाब म्हणाले. "अजून आठवतंय मला."

तिसऱ्या दिवशी आकारामानं उडी मारली. शिकवल्याप्रमाणं आकडे मोजले. झटका बसायला हवा होता, बसला नाही. वर बघितलं तर छत्रीच्या जागी पिळून काढलेलं धोतर फडफडत होतं. लाल फितीनं घेर आवळून धरला होता. आकारामानं पोटावरच्या राखीव पॅराशूटची मूठ ओढली. ते उघडलं, पण जमीन फार जवळ आली होती. एका रस्त्याच्या भरावावर तो आदळला आणि डावा पाय नडगीत दोन ठिकाणी मोडला.

फसलेलं पॅराशूट खात्यात आणून टेबलावर टाकलं. अधिकारी चौकशीला येऊन उभा राहिला. कुणी काही विचारायच्या आत लालासाबांनी त्या फितीवर बोट ठेवलं. "सायब, ही माजी. मी सोडायची इसरलो."

अधिकारी म्हणाला, नीट विचार करून बोल, टेबलावर त्या दिवशी गर्दी होती, कुणाचाही हात लागला असेल.

"हात कुणाचा बी लागू दे. सही माजी हाय."

मग राखीव पॅराशूटचं कार्ड काढलं. त्यावरही लालासाबांचीच सही. अधिकारी बराच वेळ दोन्ही कार्डं शेजारीशेजारी धरून बघत राहिला आणि कार्डं टेबलावर ठेवून निघून गेला. लालासाबांना सहा महिने टेबलावरून काढलं. ओली पॅराशूटं मनोऱ्यात टांगून वाळवायचं काम दिलं. त्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. गावाकडच्या पत्राला उत्तर नाही, मुलीचं नाव कळवलं नाही.

शेवटी दवाखान्यातून आकारामाचा निरोप आला, ये म्हणून. लालासाब गेले आणि पलंगाच्या पायथ्याशी मान खाली घालून उभे राहिले.

"पोरीचं नाव काय ठेवलंस?" प्लास्टरमधला पाय टांगलेला आकाराम विचारता झाला.

"न्हाई ठेवलं अजून."

"मग ठेव की. आन पेढं कुठं हाईत? माजा पाय मोडून पोरगी आलीया, आन तू पेढं बी दीना झालास?"

लालासाब तिथं लहान पोरासारखे रडले. संध्याकाळी पेढे घेऊन आले. मुलीचं नाव सुगरा ठेवलं.

आकाराम परत चालू लागला, पण उड्या कायमच्या बंद झाल्या. त्या गोष्टीचं त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. बाकड्यावर बसून सांगताना एवढंच म्हणाला, "वरनं खाली येताना लई शांत वाटायचं. तसलं खाली कुठं घावत न्हाई." मग फणसाची आठळी लांब फेकून हसला. "पर ह्यो सहा महिन्यांनी टेबलावर गेला आन तवापासनं ह्याच्या हातात येक नवा नेम आला. काम करताना कुणी मधी बोललं, की समदं सोडायचं आन पयल्यापासनं."

उचगावातल्या निम्म्या विजारी उशिरा का मिळतात, याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

आता त्र्याऐंशी सालाचं सांगतो. आमच्या पंचक्रोशीतल्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं झाली. चेअरमन हंबीरराव म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या हौसेचा माणूस. त्यांनी ठरवलं, असा कार्यक्रम करायचा की जिल्ह्यानं नाव काढलं पाहिजे. कुठल्या तरी ओळखीतून पुण्याकडच्या हौशी पॅराशूटवाल्यांचं मंडळ त्यांनी गाठलं. तीन पुरुष आणि एक बाई. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून विमान उडणार आणि चौघं आभाळातून संस्थेच्या माळावर उतरणार. बाई आभाळातून उडी मारणार, ही बातमी शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत पोचली. आकाराम आदल्या दिवशीच येऊन लालासाबांच्या घरी मुक्कामाला राहिला.

उडी मारणाऱ्यांच्या पायाला बांधायचा संस्थेचा मोठा झेंडा शिवायचं काम लालासाबांकडं आलं. जानेवारीतला दिवस. अकराची उडी. नवाच्या सुमारास मी, आकाराम आणि लालासाब झेंडा द्यायला धावपट्टीवर गेलो. पॅराशूटवाल्यांची जीप उभी होती. मंडळाचे प्रमुख कॅप्टन खासनीस, मिशाळ, देखणे गृहस्थ, चहा पीत होते. जीपच्या मागच्या भागात पॅराशूटं ठेवलेली आणि त्यांना खेटून लाउडस्पीकरची एक मोठी बॅटरी.

लालासाबांनी झेंडा माझ्या हातात दिला. जीपमधे वाकले. एका राखीव पॅराशूटच्या पिशवीचा कोपरा अंगठ्यानं चोळला. कापड भुसभुशीत होऊन बोटाला लागलं.

"ही बॅटरी पुण्यापासनं हितंच हुती?"

खासनीस म्हणाले, "हो. का?"

"वाटंत कुठं तरी हिंदकळलीया. ह्याच्यावर तेजाब पडलंय."

खासनिसांनी येऊन बघितलं. "बाहेरच्या पिशवीला डाग आहे नुसता. आणि ते राखीव आहे मामा, मुख्य पॅराशूट ठीक आहे. आम्ही काल रात्री सगळं तपासलंय."

"काल बॅटरी शेजारी हुती का?"

खासनिसांनी चहाचा कप खाली ठेवला. लालासाब आकारामाकडं वळले. "आकाराम, ह्या बाजूच्या कार्यालयात लगीन हाय. आचाऱ्याकडनं खायचा सोडा आन."

आकाराम काठी टेकत गेला आणि भज्यांच्या घाण्याजवळून मूठभर सोडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. लालासाबांनी सोडा कालवून त्या डागावर ओतला. तेजाब लागलं होतं तिथं तिथं पिशवीवर फसफस सुरू झाली. बुडबुडे थेट शिवणीतून आत गेले. जमलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, "आयला, भजी फुगाय लागली!" आणि लोक हसले.

एक पंचविशीची मुलगी पुढं आली. केस घट्ट बांधलेले, अंगात निळा पोशाख. तीच उडी मारणारी इंदू पाठारे. तिनं विचारलं, "कुणाचं आहे ते?" पिशवीवरचा आकडा वाचला आणि म्हणाली, "माझं आहे. मी उघडते."

खासनीस म्हणाले, "इंदू, उघडलंस तर परत बांधायला वेळ नाही. माणसं जमलीत."

तिनं मूठ ओढली. पांढरी छत्री भसकन जमिनीवर सांडली. लालासाबांनी डाग शोधला. तळहाताएवढा, जेमतेम पिवळसर. त्यावर त्यांनी अंगठा टेकवला. दाबलासुद्धा नाही नीट, आणि अंगठा पापडातून जावा तसा पलीकडं गेला.

कुणी हसलं नाही. इंदू त्या भोकाकडं बघत उभी राहिली. खासनिसांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सगळी उघडा. मुख्यसुद्धा. आठच्या आठ."

आता गोंधळ सुरू झाला. हंबीरराव मोटारीतून धूळ उडवत आले. "काय चाललंय? माळावर धा हजार माणूस हाय! पावणं स्टेजवर बसल्यात! आन तुमी कापडं वाळत घालालायसा?"

लालासाबांनी त्यांना अंगठा घालून दाखवला. हंबीररावांनी स्वतःचा अंगठा घालून बघितला. तरी म्हणाले, "मग ते येक ठेवा बाजूला. बाकीची बरी हाईत की."

"बरी हाईत म्हणून तुमी सही करतासा?" लालासाबांनी विचारलं. "तुमी करा. मग मी आत्ता घरला जातो."

हंबीररावांनी त्यांच्याकडं बघितलं, विमानाकडं बघितलं, आणि ओरडले, "लेझीमवाल्यांना सांगा, थांबायचं न्हाई म्हणावं!"

आठ पॅराशूटं पसरायला स्वच्छ, लांब, वारा नसलेली जागा हवी होती. शेजारच्या मंगल कार्यालयात वऱ्हाड नुकतंच खाली जेवायला बसलं होतं, वरचा हॉल मोकळा. नवरीचा बाप शिरोळचा. त्यानं दिलदारपणानं किल्ली काढून दिली. जेवणावळीसाठी आणलेल्या धुतलेल्या चादरी फरशीवर अंथरल्या. आठही पॅराशूटं उघडून बघितली. इंदूचं राखीव तेवढं बाद निघालं. बाकी सातांवर थेंब नव्हता. मग बांधायला बसले. खासनीस, त्यांची माणसं, इंदू आणि लालासाब. छत्र्या सैन्यातूनच बाद होऊन आलेल्या, गोल, लालासाबांच्या ओळखीच्या. दहा वर्षांनी हातात ते कापड आलं तेव्हा त्यांच्या बोटांकडं बघत राहावं असं वाटत होतं.

एक राखीव पॅराशूट बांधून होत आलं असेल, तेवढ्यात दार ढकलून हंबीरराव आत आले. "झालं का?"

लालासाबांनी हात थांबवले. छत्री पूर्ण सोडली. चादरीवर पसरली. पहिल्यापासून सुरुवात केली.

"हे काय करालाय?" हंबीररावांनी विचारलं.

मी म्हटलं, "चेअरमनसायब, तुमी बोललासा."

ते चडफडत गेले. अर्ध्या तासानं परत आले. आता नुसतं तोंड आत घालून हळूच म्हणाले, "लालाभाई, किती येळ?" लालासाबांनी परत सगळं सोडलं. त्यावर आकाराम उठला, दारात खुर्ची टाकून बसला आणि काठी आडवी धरली. तिसऱ्यांदा हंबीरराव आले तेव्हा आकारामानं नुसतं बोट ओठावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आपल्या डाव्या पायाकडं दाखवलं. हंबीररावांना काही कळलं नाही. पण ते गेले. खालून नवऱ्या मुलाची आत्या हॉलकडं यायला निघाली होती, तिलासुद्धा आकारामानं तसंच परतवलं.

बांधता बांधता नाही, बांधून झाल्यावर, इंदूनं विचारलं, "मामा, मी तशीच उडी मारली असती तर?"

"मोठी छत्री उघडली असती तर काय बी झालं नसतं. हार घालून घेतलासा असता आन घरला गेलासा असता."

"मग?"

"मग ते तसंच पुढच्या येळंला पाटीवर चढवलं असतं. काय झालं न्हाई, ह्येच तर वंगाळ. काय झालं न्हाई की मानूस बगायचं सोडतं."

तिनं आपली भोक पडलेली छत्री गोळा करून बाजूला ठेवली. राखीव पॅराशूट नाही म्हटल्यावर तिची उडी रद्द होती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खासनिसांनी आपलं देऊ केलं. ती नको म्हणाली. लोक मला बघायला आलेत म्हणून मी तुमच्या जागी जाणार नाही, तुमची छत्री तुमच्या वजनाची आणि पट्टे तुमच्या मापाचे आहेत. लालासाबांनी मान डोलावली. फातिमाभाभी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. तिला त्यांनी जबरदस्तीनं भाकरी आणि खर्डा खायला लावला. डोळ्यांतून पाणी आलं ते खर्ड्यामुळं, असं इंदूनं सांगितलं आणि भाभींनी ते मानून घेतलं.

दुपारी वारा वाढला होता, तो साडेचारला पडला. लेझीमवाले पाच तास खेळून भुईला टेकले होते. हलगीवाल्याचे हात सुजले होते. दहा हजारांतलं एकही माणूस हललं नव्हतं, कारण जागा सोडली तर दुसरा बसेल. विमान वर गेलं. एक ठिपका सुटला, दुसरा, तिसरा. तीन पांढरी फुलं आभाळात उमलली तेव्हा माळावरून जो आवाज उठला तो उचगावातल्या म्हशींनीही ऐकला असणार. खासनीस झेंड्यासकट थेट स्टेजपुढं उतरले. लालासाब मात्र टाळ्या वाजवत नव्हते. पायाच्या टाचा उचलून, मान वर करून, ओठांत काही मोजत होते. तिसरा माणूस जमिनीला लागल्यावरच त्यांनी टाचा खाली टेकल्या.

काही लोक ओरडले, "बाई कुठाय? बाई!" तेव्हा हंबीररावांनी माइक हातात घेतला. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी भलतंच बोलणार. पण ते म्हणाले, "बाईंच्या छत्रीला भोक हुतं. आपल्या उचगावच्या लालासाब टेलरनं ते हुडकून काडलं. न्हाईतर आज हारांच्या बदली काय आणाय लागलं असतं, त्येचा इचार करा. बाई पुढच्या वर्षी येणार हाईत. तवा या." आणि इंदूला विचारायच्या आतच तारीख जाहीर करून मोकळे झाले.

इंदू आली. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, नवं राखीव पॅराशूट घेऊन. दोन दिवस आधी येऊन तिनं आपली दोन्ही पॅराशूटं लालासाबांच्या समोर उघडली, त्यांच्या समोर बांधली आणि कार्डावर दोघांनी सही केली. सुगरा तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं इंदूच्या दोऱ्या धरल्या आणि एक शब्द बोलली नाही.

उडी झाली, छत्री उघडली, सगळं व्यवस्थित. फक्त खालच्या अंगाला वाऱ्याची एक झुळूक आली आणि इंदू माळ सोडून ओढ्यापलीकडं वाहत गेली. लालासाब माझ्या सायकलच्या मागं बसले आणि मी जीव खाऊन पायडल मारले. आकाराम काठी उंचावत मागून ओरडत होता, "आरं मला बी घ्या की!"

तिकडं तानाबाईच्या वांग्याच्या वाफ्यात इंदू उतरली होती. तानाबाई सत्तरीची, खुरपं हातात घेऊन बसलेली. आपल्यापुढं आभाळातून बाईमाणूस आलं, म्हणून ती किंचाळली नाही की पळाली नाही. तिनं खुरपं खाली ठेवलं, पदर नीट केला आणि विचारलं, "कुठनं आलासा?"

"वरून," इंदू म्हणाली.

"वरनं व्हय. बसा की मग. च्या टाकती."

आम्ही पोचलो तेव्हा इंदू बांधावर बसून कानतुटक्या कपातून चहा पीत होती. लालासाब सायकलवरून उडी टाकून उतरले आणि तिच्याकडं न बघता थेट वाफ्यात शिरले. छत्रीची कड हातात घेतली, दोऱ्या एकेक करून बोटांतून सोडल्या, शिवणी बघितल्या, अठ्ठावीस मोजल्या. मग कुठं मान वर करून विचारलं, "पोरी, तुला लागलं न्हाई न्हवं?"

तानाबाई तिथंच कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "आवं, पोरगी बरी हाय, कापड बी बरं हाय. आता माजी वांगी मोजा की!"

लालासाबांनी मोजली. आठ मोडली होती. ती इंदूनं पिशवीत भरून पुण्याला नेली.